चिमण्याचा मागचा डावा पाय

५ जाने.
माझा चहाचा कप राष्ट्रकार्यास गेला. निखिलने (मालक. वय तिशीचं, अहंकार साठीचा) त्यात चमकत्या गोळ्या भरून ठेवल्यात. उद्या चाकणजवळ एका बैलाच्या अंगावर चिकटवायच्या. कॅमेरे गोळ्या टिपणार, त्यावरून संगणकातला बैल पळणार. कशासाठी? ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी! चहा वाटीत प्यायलो. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि वाटी.

६ जाने.
बैल म्हणजे नानांचा चिमण्या. शर्यतीतून निवृत्त. शूटिंग म्हणून नानांनी त्याच्या शिंगांना बेगड लावलेली, पाठीवर आरशांची झूल. कॅमेऱ्यांना बैल दिसलाच नाही, दिवाळी दिसली. निखिल सगळ्यांदेखत नानांवर ओरडला, "अक्कल नाही का? चमकणारं काही नको म्हटलं होतं ना!"
म्हटलं नव्हतं. फोन करून सांगायचं काम माझं. विसरलो होतो. बुटांकडे बघत उभा राहिलो. नाना नखांनी बेगड खरवडत म्हणाले, "काढतो साहेब. पयलंच शूटिंग त्याचं."

९ जाने.
डेटा साफ करतोय. मागचा डावा पाय दरवेळी किंचित उशिरा पडतो. गोळी सरकली असेल म्हणून नानांना फोन.
"गोळी न्हाई वो. घाटात पडला व्हता शर्यतीला. तवापासनं तसाच टाकतो. हजार बैलांत वळखीन मी."

१३ जाने.
निखिल : "काका, लंगडा बैल कोण बघणार? पाय सरळ करा. नाहीतर विकतचा कुत्र्याचा डेटा घ्या, ताणा. चार पायच ना?"
चारच. टेबलालाही असतात. तेही या माणसापेक्षा विचारी.
(काका! मी अठ्ठेचाळीसचा.)

१६ जाने.
नानांचा फोन. चिमण्या तीन दिवस बसून आहे, उठत नाही. डॉक्टर बघून गेले. "त्याचं पळनं हाय ना तुमच्याकडं? टीवीवर दिसंल?"
दिसेल म्हणालो. मग उगाच, "नाना, बेगडीचं सांगायचं मीच विसरलो होतो."
"ठावं हाय. तुमी खाली बघत व्हता."

१७ जाने.
सरळ केलेला पाय निखिलला दाखवला. "बघा काका, आता कसा रुबाबदार!" आणि जेवायला गेला. मी डबा उघडला नाही. पाय होता तसा केला, किंचित उशिरा पडणारा. फाइल ट्रॅक्टरवाल्यांना रवाना.
निखिलला तसं सांगायचं काम माझं.
विसरलो.