जोडलेल्या कानावरून केलेली तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वन्यप्राणी उद्यान, मुख्य कार्यालय.

विषय : पिंजरा क्रमांक सातमधील बिबट्याची मादी बदलल्याची तक्रार मागे घेणे व तेथील प्राणिरक्षकांना मूळ जागी परत घेणे.
संदर्भ : १) अर्जदाराचीच तक्रार, दि. ११ सप्टेंबर. २) चौकशी समितीचे पत्र, दि. ९ जानेवारी.

महोदय,

१. अर्जदार गेली नऊ वर्षे उद्यानाच्या दिनदर्शिकेसाठी व प्रवेशद्वारावरील फलकांसाठी प्राण्यांचे फोटो काढतो. फोटो अर्जदाराने काढायचे आणि संगणकावर ते साफसूफ त्याच्या पत्नीने करायचे, अशी घरात वाटणी आहे. पिंजऱ्याची जाळी पुसणे, उजेड सारखा करणे, पाण्यातला कचरा काढणे हे सगळे तिच्याकडे. अर्जदार कार्ड तिच्या हातात देतो आणि तयार झालेले फोटो बघतो. मधल्या कामात त्याने कधी लक्ष घातले नाही, हे तो आरंभीच मान्य करतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

२. ऑगस्टमध्ये सदर मादीला तीन आठवडे बाहेर सोडले नव्हते. विचारले असता प्राणिरक्षक "तिला बरं नाही, पुढच्या महिन्यात या" एवढेच म्हणाले व त्यांनी मागचे दार लावून घेतले. त्याच आठवड्यात ताडपत्री टाकलेली एक गाडी मागच्या फाटकातून जाताना अर्जदाराला दिसली. मादी पुन्हा बाहेर आली तेव्हा वाळलेली होती, आणि नेहमीच्या दगडावर न बसता भिंतीला चिकटून बसली. अर्जदाराने फोटो काढले. पत्नी बहिणीच्या बाळंतपणासाठी गेलेली असल्याने ते त्याने प्रथमच स्वतः एडिट करायला घेतले. मोठे करून बघतो तर डावा कान टोकापासून मुळापर्यंत चिरलेला. मागील आठही वर्षांचे तयार फोटो काढून पाहिले. सगळ्यांत कान अखंड.

३. त्यानंतर अर्जदाराला दुसरे काही सुचेना. प्राणिरक्षक हसून बोलले तर वाटे, आज फारच गोड बोलतोय. न बोलले तर वाटे, तोंड चुकवतोय. त्यांचा जेवणाचा डबा मोठा दिसला तरी अर्जदार मनात हिशेब करी. पिंजऱ्यासमोरच्या बाकावर चार दिवस बसून त्याने त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत टिपल्या आणि 'मूळ मादी परस्पर विकली असावी' असे तक्रारीत लिहिले. निदान 'असावी' तरी लिहिले, असे त्याला तेव्हा वाटले होते. समितीच्या पत्रात तो शब्द गळाला आहे. प्राणिरक्षकांनी समितीपुढे सांगितले होते, "ती आली तेव्हापासून तिचा कान तसाच आहे, साहेब." परंतु समितीच्या खोलीतच भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, आणि तीत कान अखंड होता. त्यांना चाऱ्याच्या गोदामावर पाठवण्यात आले.

४. ऑक्टोबरअखेर पत्नी परत आली. जेवताना अर्जदाराने तिला तक्रारीची प्रत मोठ्या ऐटीत दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "कान? तो तर दरवर्षी मी जोडते." पहिल्याच वर्षी आपल्या कार्यालयातून फोटो परत आला होता आणि फाटक्या कानाचं जनावर फलकावर बरं दिसत नाही, असा तोंडी निरोप होता. "तेव्हापासून कुणी न सांगता जोडत आले. तुम्ही कधी विचारलंत?" अर्जदाराने विचारले नव्हते. लेन्समधून तो प्राण्याच्या डोळ्यांवर नेम धरतो. बाकीचे त्याला दिसत नाही. तिने लगेच आठही वर्षांच्या मूळ फाईली उघडून दाखवल्या. प्रत्येकीत कान फाटलेला. तो तोंडी निरोप देणारे गृहस्थ आज समितीवर आहेत किंवा कसे, याबद्दल अर्जदार काही म्हणू इच्छित नाही.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार प्राणिरक्षकांच्या घरी गेला व दारातच उभा राहून त्याने सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आता तिला खायला कोण घालतंय, ते कळलं तर सांगा. नव्या माणसासमोर ती तोंड लावत नाही." एवढेच बोलून ते आत गेले. दार त्यांच्या मुलीने लावले, आणि ते जोरात लावले.

६. मूळ फाईली समितीस सादर केल्या. समितीचे उत्तर असे की, 'ज्यास कान जोडता येतो, त्यास तो फाडताही येतो.' अर्जदार प्राणिरक्षकांच्या घरी गेल्याची नोंदही त्यात आहे, आणि ती संगनमताचा पुरावा म्हणून आहे. औषधोपचाराची नोंदवही उघडावी म्हटले, तर ती प्राणिरक्षकांच्याच ताब्यात होती म्हणून ग्राह्य नाही. हल्ली अर्जदार कार्यालयात शिरला की बोलणी थांबतात. परवा पहारेकऱ्याने त्याची कॅमेऱ्याची बॅग दोनदा उघडून पाहिली व काहीतरी वहीत टिपले.

७. तेव्हा अर्जदाराने आपला हात न लागलेला फोटो शोधायचे ठरवले. ओळखीपाळखीत विचारता विचारता मागच्या गल्लीतील एका वृद्ध शिंप्याकडे तो सापडला. आठ वर्षांपूर्वीचा, साध्या कॅमेऱ्याचा, कागदावर छापलेला, कोपऱ्यात तारीख उमटलेला. बाकावर त्यांची पत्नी बसली आहे आणि तिच्या खांद्यामागे जाळीआड सदर मादी उभी आहे. डावा कान चिरलेला स्पष्ट दिसतो. त्या बाई त्याच वर्षी वारल्या. दोघे मिळून कुठे गेल्याचा हा एकच फोटो त्यांच्याजवळ आहे. त्यात बाईंचे डोळे मिटलेले आहेत. उपकाराची फेड म्हणून अर्जदाराने विचारले, "काकूंचे डोळे उघडे करून देऊ का? कळणारही नाही." ते म्हणाले, "नको. ऊन होतं, म्हणून तिने मिटले होते."

८. प्राणिरक्षकांच्या निवृत्तीला अडीच महिने उरले आहेत. ते गोदामातून नव्हे, पिंजरा क्रमांक सातवरून निवृत्त व्हावेत, एवढी विनंती आहे. खोट्या तक्रारीबद्दल अर्जदारावर जी कारवाई होईल ती त्याला मान्य आहे. सोबतचा फोटो आपण स्वतः पाहावा व पाहून झाल्यावर परत करावा. शिंपी आठवड्यातून दोनदा येऊन विचारून जातात. तो फाईलला लावताना कृपया टाचणी मारू नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
अर्जदार, छायाचित्रकार
दि. ४ फेब्रुवारी

सोबत : १) मूळ फाईलींची तबकडी. २) पत्नीचे सहीनिशी निवेदन. ३) फोटो एक, पाकिटात.