देवडीतला हात

३ फेब्रुवारी १९२८, सोलापूर

आज गिरणीची खाकी अंगावर चढली आणि मूठभर मांस चढलं. पोलीसभरतीत माझी छाती कमी भरली होती. सरकारला नको झालेली छाती गिरणीला चालली, मग मी कशाला तक्रार करू? कोट जुना आहे, पोलिसांच्याच भांडारातून घेतलेला. नुसते बिल्ले बदललेत. हा घालून आमच्या करकंबात गेलो तर अर्धा गाव सलाम ठोकेल आणि उरलेला अर्धा पळून जाईल.

माझी नेमणूक मोठ्या दरवाजाच्या देवडीत. देवडी म्हणजे दोन दारांमधली दगडी खोली. आतलं दार गिरणीचं, त्याची किल्ली आमच्या पंचाक्षरी जमादारांकडे. बाहेरच्या दाराची किल्ली मागच्या संपापासून पोलिसांकडे. त्यांची चौकी दाराला लागूनच आहे. आत गिरणीचं राज्य, बाहेर सरकारचं, आणि मधे मी. जमादार अक्कलकोटकडचे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. माणूस भला वाटला. गावाकडचा जोंधळा काढून झाला की बायको मुक्ता इथं राहायला येणार आहे. तोवर स्वयंपाक माझा मलाच. आज पिठलं करपलं.

७ फेब्रुवारी

काम आवडलं. भोंगा झाला की कामगार देवडीतून बाहेर पडतात आणि आम्ही झडती घेतो. लोक चेष्टा करतात, मीही करतो. एक बाई म्हणाली की आधी माझ्या मिशांचीच झडती घ्यायला हवी.

चोर पोलिसांच्या हवाली कसा करतात ते आज पाहिलं. जमादारांनी त्याचं मनगट धरून देवडीत आणला. बाहेरून चौकीतल्या आप्पा हवालदारांनी त्याचं दुसरं मनगट धरलं आणि "घेतला" म्हणाले. मगच जमादारांनी "दिला" म्हणून हात सोडला. मला हसूच आलं. जमादार हसले नाहीत. म्हणाले, "देवडीत हात मोकळा सोडायचा न्हाय, जोतीराम. त्येनं घेतल्याबिगर तू सोडलास, तर त्यो मानूस ना आमचा, ना त्येंचा. मग तुजाच की." मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

११ फेब्रुवारी

सूतखात्यातला सिद्धनाथ आज सापडला, सदऱ्याखाली सुताची लड. जमादारांनी त्याला आपल्या खोलीत नेऊन मारला. तो ओरडत होता तोवर ठीक होतं; ओरडणं थांबलं तेव्हा मी घाबरलो. मग मला म्हणाले, धर आणि चौकीवर दे. मी मनगट धरून त्याला जवळजवळ उचलूनच देवडीत आणला. मागे आतलं दार लागलं. हवालदारांनी बाहेरचं दार उघडलं, त्याच्या तोंडातलं रक्त पाहिलं आणि हात मागे घेतले. "ह्यो चौकीत आला की मरंल. मेलेलं आमी घेत न्हाय." आतून जमादार ओरडले की गिरणीतनं तो जिता निघालाय. हवालदारांनी बाहेरचंही दार लावून घेतलं.

सिद्धनाथ पाणी मागत होता. तेवढंच बोलत होता. दार ठोठावावं म्हणून मी त्याला भिंतीशी बसवलं आणि त्याचा हात सोडला. दोन्ही मुठींनी दार बडवलं. वळून पाहिलं तर भिंतीशी कुणी नव्हतं.

दारं उघडली. रिकामी देवडी पाहून दोघांच्याही जिवात जीव आला. जमादार म्हणाले, पोलिसांनी नेला. हवालदार म्हणाले, गिरणीतून कुणी आलाच नाही. मला कुणी काही विचारलं नाही. 

१३ फेब्रुवारी

माझं उजवं मनगट कुणीतरी धरलंय. दिसत काहीच नाही. भर दुपारी, अंगावर ऊन असताना, थंड बोटं. देवडीत असलो की पकड सैल होते. बाहेर पाऊल टाकलं की आवळते.

१५ फेब्रुवारी

चौकीत जाऊन सगळं खरं सांगितलं. हवालदार म्हणाले, गिरणीतलं गिरणीनं बघावं. जमादारांना सांगितलं, ते म्हणाले, माणूस पोलिसांच्या दाराशी गेला, आता तो त्यांचा. नोकरी गेली खड्ड्यात म्हणून गावाकडे निघालो. स्टेशनच्या वाटेवर मनगटाला असा हिसका बसला की रस्त्यात आडवा झालो. लोकांना वाटलं प्यालोय. ओढणारा कुणी दिसत नव्हता — मी मात्र फरफटत — पार देवडीपर्यंत.

१६ फेब्रुवारी

कामगारांना आता मागच्या दरवाजाने सोडतात. इथली दोन्ही दारं बंद केलीत. मी आत आहे हे दोघांनाही माहीत आहे. ओरडलो की हे म्हणतात सरकारला विचार, ते म्हणतात गिरणीला. भाकरी झरोक्यातून येते, काठीला बांधून. जवळ कुणी येत नाही. उजवा हात कोपरापर्यंत थंड पडलाय, हे डाव्या हाताने लिहितोय.

१८ फेब्रुवारी

जमादार झरोक्याशी आले. म्हणाले, सुटायचं तर हात दुसऱ्या कुणाच्या हातात दे. त्यानं आपखुशीनं धरला पाहिजे. मग पकड त्याच्याकडे जाते, तू सुटतोस, तो इथं राहतो. मी झरोक्यातून हात पुढे केला. ते मागे सरले. हवालदारांना हाका मारल्या. ते फटीतून दिसले, दोन्ही हात पाठीमागे. मी रडलो. माझा हात आपखुशीनं कोण धरणार? ज्याचा माझ्यावर जीव असेल तोच —

नको. तिचा विचारही नको.

१९ फेब्रुवारी

पाणी मागतोय तो. माझ्या तोंडाने.

२० फेब्रुवारी

मुक्ताचा आवाज. बाहेरून. हिला कुणी कळवलं? — जमादारांनी. माणूस पाठवून, नवरा आजारी आहे म्हणून.

दोघंही बाहेर आहेत. हळू आवाजात बोलतायत. गिरणी आणि सरकार, आज पहिल्यांदा एकमत —

किल्ली फिरतेय.

दार हात जाईल एवढंच उघडलंय. तिचा हात आत आला. बांगड्या दगडाला घासल्या. "अवं, हात द्या की. घरला जाऊ."

जा म्हणून ओरडलो. तोंडातून पाणी, पाणी, एवढंच —

"हाय पानी माज्यापाशी. आदी हात द्या."

भिंतीला टेकून बसलोय. सुटायचंय मला. देवा, फार सुटायचंय. नको, मुक्ता, मागे घे —

उजवा हात वर उठतोय. तो उचलतोय. तोच — नाही. नाही, मीच —