बूच आणि खिसा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारा निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. हृदय थकले आहे पण डोके शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खरी गोष्ट लिहायची राहून गेली होती.

कलम १. तळ्याकाठचे माझे दोन खोल्यांचे घर. वकिलांनी मसुद्यात ‘स्वकष्टार्जित’ असा शब्द घातला होता, तो मी खोडला आहे. का खोडला ते कलम तीनमध्ये येईल. हे घर मी ‘बूच’च्या मुलीला देतो. बूच म्हणजे माझा मित्र आणि पस्तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. तो गेल्या वर्षी वारला.

कलम २. माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे घर आपलेच असे पुतण्या धरून चालला आहे. त्याने तंटा करू नये. बँकेतली शिल्लक त्याला मिळेल. शिवाय माझी जुनी डोलकाठीही त्यालाच. एवीतेवी मला न विचारता ती त्याने गच्चीत कपडे वाळत घालायला बांधलीच आहे. करवत, सुया-दोरा ही हत्यारे क्लबाला द्यावीत, आणि रंधा शिडे शिवणाऱ्या कारागिराला. रंधा त्याचाच आहे. तो मी मागून आणला होता आणि परत करायचा राहिला. परत करायच्या वस्तूंच्या बाबतीत माझे नेहमी असेच होत आले.

कलम ३. आता नावांबद्दल. आमच्या क्लबात टोपणनाव स्वतःचे स्वतः घ्यायचे नसते. ज्याच्याशी तुम्ही शर्यत लावता, त्यानेच ते ठेवायचे आणि ते जन्मभर मिरवायचे. ‘बूच’ हे नाव मी ठेवले.

होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असते. होडी काठावर ओढली की आत साचलेले पाणी वाहून जावे म्हणून त्याचे बूच काढून ठेवतात, आणि पाण्यात लोटण्याआधी पुन्हा लावतात. घाईत विसरायला होते, म्हणून आमच्याकडे रीत अशी की शेजारच्याने वाकून बघायचे. आपण विचारायचे, “बूच?” त्याने बघून म्हणायचे, “आहे.” मग कितीही हाडवैर असो, त्या शब्दावर होडी पाण्यात जायची.

आमच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी त्याने मला विचारले, “बूच?” मी वाकलो, बघितल्यासारखे केले आणि म्हणालो, “आहे.” ते माझ्या खिशात होते.

देवाशपथ सांगतो, गंमत म्हणून केले. चार हात जाईल, पाय ओले होतील, मला शिव्या घालत परत येईल, असे वाटले होते. पण वारा उठला. तो पुढे होता, आणि पुढे असणारा माणूस मागे फिरत नाही. तळ्याच्या मध्यावर होडी बुडाली. त्याला दोर टाकून ओढून आणले. तो निथळत काठावर चढला. काहीतरी बोलायचे म्हणून मी ओरडलो, “या या, बूच आले!” सगळे खो खो हसले. तोही हसला. मग माझ्या विजारीकडे बघून म्हणाला, “आणि हा आमचा खिसा.”

चहाचे पैसे द्यायची वेळ आली की मी खिशात हात घालण्याऐवजी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. त्यामुळे हे नाव का पडले, असे कोणीच विचारले नाही. मीही तेच कारण धरून बसलो.

महिन्याभराने क्लबाला मुलांसाठी शिक्षक नेमायचा होता. जागा त्याचीच होती, तो माझ्याहून चांगला होता. पण समितीत कोणीतरी म्हणाले, “जो बूच विसरतो त्याच्या हाती पोरे कशी द्यायची?” मी त्याच खोलीत बसलो होतो. माझे तोंड उघडले नाही. नोकरी मला मिळाली, त्या पगारावर हे घर झाले. तो जन्मभर छापखान्यात उभा राहिला आणि रविवारी माझ्याशी शर्यत लावत राहिला. हे मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितले नाही.

कलम ४. त्याच्या आजारपणात मी तीनदा तेच बूच खिशात घालून त्याच्याकडे गेलो आणि तीनदा तसाच परत आलो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “काय रे खिशा, अजून रिकामा नाही झालास?” मी म्हणालो, “पुढच्या वेळचा चहा माझ्याकडून, बस?” जिना उतरताना मला कळले की त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. फक्त अकरा पायऱ्या होत्या. मी परत चढलो नाही. आठ दिवसांनी तो गेला.

कलम ५. क्लबाच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे ‘बूच लावायला विसरला नव्हता’ असे लिहावे आणि कलम तीन सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. वाचताना कोणी हसले तर हसू द्यावे. माझ्या खिशातले ते बूच त्याच्या मुलीच्या हाती द्यावे.

पुरवणी. साक्षीदार म्हणून मी त्याच्या पत्नीला, वहिनींना, बोलावले. वकील म्हणाले, घर जिला मिळणार तिची आई साक्षीला नको. म्हणून कायद्यापुरते आणखी दोघे घेतले आहेत. वहिनींनी सगळे वाचले आणि म्हणाल्या, “भावजी, एक राहिलं. तुम्ही तिसऱ्यांदा येऊन गेलात ना, त्यानंतर त्यांनी पलंगाजवळची खुर्ची कुणाला हलवू दिली नाही. म्हणायचे, येईल तो, आज नाही तर उद्या. शेवटच्या दिवशीही दाराकडे तोंड करून झोपले होते.” हे वाक्य घालावे की नाही, असे वकिलांनी विचारले. मी घालायला सांगितले.

सही: खिसा

साक्षीदार:
१. शिडे शिवणारा कारागीर (रंधा मिळाला)
२. दाखला देणारे डॉक्टर
३. बूच यांची पत्नी

स्थळ: त्यांच्या घरी, पलंगाजवळच्या खुर्चीवर बसून
दिनांक: हंगामाचा शेवटचा रविवार