तिसरी ओळ

अम्मा,

काल विद्यापीठात तुझ्या नावानं गाण्याचा महोत्सव झाला. ब्लूज आणि जॅझचा. तू असतीस तर "हे काय खायचं असतंय का?" म्हणाली असतीस आणि मी चिडले असते. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, म्हणून माझ्या विभागातल्या पोरांनी ठरवलं की तिकिटं लावून महोत्सव करायचा आणि त्यातून एक शिष्यवृत्ती सुरू करायची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी. नाव कुणाचं द्यायचं, असं विचारलं तेव्हा मी तुझं सांगितलं. इथवर मी शहाण्यासारखी वागले. मग पत्रकात तुझ्या फोटोखाली दोन शब्द हवे होते, तेही मीच लिहून दिले : 'गृहिणी आणि संगीतप्रेमी'. जन्मभर विड्या वळल्यास तू, अम्मा. बोटांना भेगा पडेपर्यंत वळल्यास. त्याच विड्यांवर एम. ए. झालेली मी, तुझं काम एका शब्दात पुसून मोकळी झाले.

शहराच्या पूर्व भागातली, कामगार वस्तीतली आपली खोली मला आधी वासानं आठवते. दुपार आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखू, आणि मांडीवर सुपं घेऊन भिंतीला टेकलेल्या तुम्ही चौघी. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दुमडायचं, दोऱ्याचा वेढा. नजर हातांवर नसायचीच. आणि गाणं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच पुन्हा म्हणायची, आणि मग सगळ्या जिच्याकडे बघतील तिनं तिसरी ओळ जागच्या जागी जोडायची. पाळी आली की सुटका नाही. सासूवर म्हणा, दुखऱ्या पाठीवर म्हणा, पण म्हणायची. ती तेलुगू गाणी मला मराठीत नीट सांगता येत नाहीत. 'पान ओलं, सूत ओलं, दिवस तेवढा कोरडा' असं काहीसं दोनदा व्हायचं आणि तू मान वर न करता ठेवून द्यायचीस, 'चेकर म्हणतो विडी वाकडी, आधी त्याचं नाक बघा!' कारखान्यात तुमच्या विड्या तपासून बाजूला फेकणाऱ्या त्या चेकरचं नाक खरंच वाकडं होतं. शेजारची अक्का हसता हसता सूप सांडायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी रेल्वे लाइन्सच्या बंगल्यांमधली एक मैत्रीण घरी आणली. बोळात शिरतानाच गाणं ऐकू आलं आणि माझे कान तापले. मैत्रिणीला कळावं म्हणून मी दारातूनच मराठीत ओरडले, "बास कर की गं अम्मा ते रडगाणं!" चौघी एकदम गप्प. आई काय करते, असं मैत्रिणीनं साधंच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही गं, शेजारच्या बायकांना मदत करतीय." तू उठलीस, साबणानं दोनदा हात धुतलेस, चहा ठेवलास, बशीत बिस्किटं मांडलीस. ती गेल्यावर माझ्याशी मराठीतच बोललीस, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं. "लाज वाटतीय तर वाटू दे. पर खोटं कशाला सांगितलीस? मदत न्हाय ती. काम हाय माजं." मी पुस्तक उघडून बसले. त्यानंतर बोळात माझ्या चपला वाजल्या की गाणं थांबायचं. तुला मी पुन्हा कधी गाताना ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

काल पुण्याहून आलेली एक मुलगी गिटार घेऊन उभी राहिली आणि सांगू लागली की हे गाणं परदेशात कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांकडून आलं. एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी, उत्तराची. पहिल्या रांगेत मी मांडीवरचं पत्रक पालथं घातलं. ती गायली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात निवेदन करणारी माझी विद्यार्थिनी माइक घेऊन खाली आली. "मॅडम, तुमच्या आई काय गायच्या?" सांगायला याहून सोपी वेळ कुणाला मिळाली नसती. पण सातासमुद्रापलीकडचे राबणारे हात आपल्याला चालतात, आपल्या घरातले नाही. मी म्हणाले, "देवाची गाणी. सकाळी, पूजेच्या वेळी." त्यालाही टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत अक्का बसली होती. तुम्हा चौघींतली तीच उरलीय. मीच रिक्षा पाठवून तिला आणवलं होतं. ती समोर असली की मला खोटं बोलता येणार नाही, असं मला वाटलं होतं. कार्यक्रम संपल्यावर तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, आता शिव्या खायच्या या तयारीनं. पण ती रागावली नव्हती. "लई ग्वाड गायली की गं ती पोरगी," म्हणाली. "आपल्यावानीच." मग माझा हात धरून, दात नसलेल्या तोंडानं तिनं ती ओळ म्हटली. पान ओलं, सूत ओलं. पुन्हा म्हटली. आणि माझ्याकडे बघत राहिली. पाळी माझी होती. बाजूला विभागातली माणसं उभी होती, पोरं उभी होती. मी म्हटलं, "अक्का, रिक्षा थांबलीय." ती माझा हात सोडून, पदर सावरून रिक्षात बसली.

पत्रकं बरीच उरलीत. त्यातल्याच एकाच्या कोऱ्या बाजूला हे लिहितेय. पुढच्या वेळी 'विडी कामगार' असं छापायचं मी ठरवलंय, पण ठरवण्यात मी पहिल्यापासून हुशार, हे तुला ठाऊक आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येतं त्यांना हे मी दाखवणार नाही. घडी घालून कपाटात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. ओळ सुचली नाही म्हणून मी काल गप्प राहिले, असं नाही, अम्मा. सुचली होती. तेलुगूत, चालीत नेमकी बसणारी. पण आजूबाजूला लोक होते.