यांची टाकी

४ नोव्हेंबर

माझी कपडे वाळत घालायची दोरी काढून टाकली! न विचारता. तिथे आता टाकी बसणार — जुनी पत्र्याची टाकी मधोमध कापून, खाली विटा, शेजारी लोखंडी पिंपाची भट्टी. लाकडं जाळायची, पाणी तापवायचं आणि आत गळ्यापर्यंत बसायचं. कुणी बसायचं? ते सांगायची यांना गरज वाटत नाही. स्वतःच बसणार, दुसरं कोण!

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, गुडघ्यांना रोज गरम पाण्याचा शेक द्या. घरी येऊन यांना सांगितलं, तर "हं." चौतीस वर्षांचा संसार आणि एक "हं"!

ओले कपडे खुर्च्यांवर टाकलेत.

११ नोव्हेंबर

धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, कायमची ये इकडे. खालची खोली रिकामी आहे, एक पायरी चढायला नको." मी हसण्यावारी नेलं. मग दिवसभर डोक्यात तेच.

१५ नोव्हेंबर

आज भट्टी पेटवली. काय तो थाट! भट्टीच्या पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं — टाकीतलं गार पाणी खालून आत जाणार, तापून वरून परत येणार. मला तीनदा समजावलं, जशी काही मी ढ. आणि स्वतः? टाकी भरलीच नव्हती! कोरड्या नळीखाली जाळ. डाग दिलेले सांधे सुटले, नळी काळीठिक्कर. कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस! नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे — आधी पाणी, मग आग. मी म्हटलं, "अहो, पाणी?" तर माझ्यावरच डाफरले, "तूच सोडून दिलंस!" नाचता येईना अंगण वाकडं.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

बोलणं बंद.

२१ नोव्हेंबर

नवी नळी. पुन्हा कोरडीच पेटवली! टाकी रिकामी आहे हे मला खिडकीतून दिसत होतं. हाक मारली नाही. जळू दे म्हटलं.

शेजारचे सुतारकाका कुंपणावरून म्हणाले, "काय बॉयलरवाले, सुक्याच आंघोळीचा बेत आहे का?" हे नुसते उभे. हातात काडेपेटी. चिडलेसुद्धा नाहीत.

२६ नोव्हेंबर

बहिणीला कळवलं, रविवारी येते. यांनाही सांगितलं, "मी जातेय. परत यायची नाही." निदान "का?" तरी विचारतील! तर म्हणाले, "लाकडं भिजतील, आत घे." संताप संताप झाला. लाकडं घेतली आत. बॅगही भरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल यांनी तिसरी नळी बसवली. सकाळी पाइप लावून टाकी मीच भरली. जायच्या आधी एकदा तरी त्या पाण्यात बसायचंच, तेही यांच्या आधी. दुपारी भट्टी चांगली धगधगली, हे आणखी लाकडं आणायला गेले आणि मी गाऊनसकट आत शिरले. किती वर्षांनी गुडघे सैल झाले!

हे आले. लाकडं खाली ठेवली. वाटलं, आता ओरडणार. तर अगदी नरमाईने, परक्या बाईशी बोलावं तसं —

"बाई, तुम्ही जरा बाहेर येता का? आमच्या हिच्यासाठी तापवलंय. गुडघे फार दुखतात हो तिचे."