लिफ्टमधला आवाज

खालचा मजला
सोमवार, ६ जानेवारी

चिरंजीव साहेबांस,

आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिला; मनापासूनचा हवा असेल तर खाली येऊन घ्यावा लागेल. घरी सर्व ठीक. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, आणि आपल्या दोघांचे निरोप घेऊन यापुढे जिना चढणार नाही असं तिने काल चहा ओतता ओतता जाहीर केलं. "भांडायचंय ना, मग लिहून भांडा. मी काही टपालखातं उघडलेलं नाही," म्हणाली. लिफ्टची कंपनी चालवणाऱ्यांच्या घरात लिफ्ट नाही, हा टोमणाही जाता जाता मारला. त्यातला अर्धा तुझा. हे पत्र ऑफिसच्या टपालातून तुझ्या टेबलावर येईल.

आता मुद्द्याचं. आपल्या लिफ्टमधला आवाज तू बदलायला निघालास, हे मला आपल्याच फिटरकडून कळावं? तो बिचारा तोंड पाडून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. मला वाटलं कुणीतरी गेलं. मग कळलं की गेलेला मीच.

कंपनी काढली तेव्हा बोलायला दुसरं कोणी नव्हतं. मोटररूममध्ये चहूबाजूंनी गोधड्या टांगून मी ती वाक्यं म्हटली, घामाने निथळत. तेव्हापासून आपली लिफ्ट जिथे जिथे आहे तिथे दार मिटताना मी बोलतो, मजला आला की मी बोलतो, आणि मध्येच अडकली तर मीच बोलतो. "घाबरू नका. लिफ्ट थांबली आहे. मदत येत आहे." एवढं ऐकून आत अडकलेली माणसं शांत उभी राहिली आहेत. मी स्वतः दार उघडून त्यांना बाहेर काढलंय, मला विचार.

तुझं म्हणणं, रहिवाशांना वाटतं की लिफ्ट खेकसते. दातांच्या डॉक्टरच्या इमारतीत पोरं माझी नक्कल करतात. करू देत. तुझी कोणी नक्कल करावी असं काहीतरी तू आधी करून दाखव.

नव्या आवाजासाठी तू लिहिलेलं मागणं मी ऐकलं. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारा माझा जुना मित्र, ज्याला मी बटणवाला म्हणतो आणि तू सर म्हणतोस, त्याने मला ते फोनवर वाचून दाखवलं. "आवाज उबदार पण अधिकारी, तरुण पण प्रगल्भ, घरगुती पण व्यावसायिक." आवाज शोधतोयस की सून? वर कुणाचा वशिला नको म्हणून नावं झाकून, नुसते नंबर लावून आठ जणांचे नमुने मागवलेस म्हणे. फार न्यायी झालास. घरातल्या माणसाला विचारायची वेळ आली की मात्र तुझा न्याय रजेवर जातो.

माझी अट एकच आहे. मजले, दारं, पंखा, जे काय असेल ते तुझ्या त्या पगारी गळ्याला दे. अडकल्यानंतरचं वाक्य माझ्या आवाजात राहील. ते वाक्य गेलं तर त्या कंपनीत माझं काही उरलं नाही, असं मी समजेन, आणि तसं वागेन.

संस्थापक, आणि अजून तरी तुझे वडील


वरचा मजला
बुधवार, ८ जानेवारी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मीही पद्धत पाळतो.

तुमची अट मान्य करता येत नाही. सगळे मजले एक बाई सांगत असताना लिफ्ट अडकली आणि एकाएकी पुरुषाचा आवाज आला, तर आतल्या माणसाला वाटेल की त्या बाईंचंही काहीतरी झालं. एका लिफ्टला एकच आवाज लागतो.

तुम्हाला आधी का सांगितलं नाही, त्याचं कारण तुम्हीच आहात. गेल्या खेपेला मी एक चांगला कलाकार आणला होता. तुम्ही त्याच्याकडून "दार" हा एकच शब्द जेवणाची वेळ टळेपर्यंत म्हणवून घेतलात. प्रत्येक वेळी आधी स्वतः म्हणून दाखवत होतात, असं नाही, असं. त्याने शेवटी कानाला खडा लावला आणि गेला. त्याचा आवाज बसला, तुमचाही बसला. त्याचा सुटला, तुमचा अजून तसाच घोगरा आहे. तरी तुम्हाला वाटतं की तो जगाने ऐकावा.

या वेळी मी घाई केली नाही. नमुन्यांतून निवडलेल्या बाईंना मजकूर आठवडाभर आधी दिला. इमारतींची अडनिडी नावं कशी म्हणायची ते मी त्यांना फोनवर म्हणून पाठवलं. दार मिटेपर्यंत वाक्य संपायला हवं, म्हणून त्या स्वतः कारखान्यात आल्या आणि चाचणीच्या लिफ्टमधून वर-खाली करून गेल्या. फिटरला त्यांनी आतले दिवे बंद करायला सांगितले, अडकल्यावर कसं वाटतं ते बघायचं म्हणून. बाहेर आल्या आणि मला विचारलं, "मदत येत आहे म्हणता, ती खरंच येते का? मला ठाऊक नसेल तर ऐकणाऱ्याला ते कळतं." मी म्हटलं, येते, कधी उशिरा येते, पण आजवर आली नाही असं झालेलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. तुम्ही कुणाला असं काही कधी सांगितलंत का, की नुसतं ठासून म्हणा, ठासून म्हणा?

सूचना एकाच माणसाने द्यायच्या, हे त्यांच्याशी ठरलं आहे. तो माणूस मी. शुक्रवारी ध्वनिमुद्रण आहे. तुम्ही येऊ नये अशी माझी इच्छा आहे. आलातच, तर काचेच्या अलीकडे तोंडाला कुलूप लावून बसा.

आणखी एक सांगतो, म्हणजे हा विषय एकदाचा संपेल. त्या आठ नमुन्यांत एकजण तुमची नक्कल करणारा निघाला. सातवा. तुमचीच ढब, तुमचंच शब्दावर उभं राहणं. कुणीतरी मला खूश करायला निघाला असावा. मी तो दोनदा ऐकला, कारण मलाही वाटलं, एवढं अडून बसलेत तर बघू. पण त्या आवाजात धीर नाही, बाबा. तो "घाबरू नका" म्हणतो आणि ऐकणारा घाबरतो. मी तो पहिल्या फेरीतच काढून टाकला. तुमची नक्कलसुद्धा आता चालत नाही, याहून स्पष्ट मी काय लिहू?

आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणलं आहे, ते या पाकिटासोबत आहे.

तुमचा, आज्ञेत नसलेला, मुलगा


खालचा मजला
शनिवार, ११ जानेवारी

चिरंजीव,

आशीर्वाद. मलम पोचलं. गुडघे तसेच आहेत, पण मलम मुलाने आणलं म्हणून ती ते आल्यागेल्याला दाखवत असते.

काल तू मला स्टुडिओच्या जिन्यात पाहून तोंड फिरवलंस, तरी मी येऊन बसलो. कुलूपही लावलं. तुझी ती बाई आली, सुती सदरा, हातात बांगडी नाही, घड्याळसुद्धा काढून ठेवलेलं, आणि उभी राहून हिरवं सफरचंद खात होती. बटणवाला म्हणाला, तोंड कोरडं पडलं की बोलताना टचटच होतं, ती सफरचंदाने जाते. मी तिला तिथेच नापास करून टाकलं. मग ती बोलायला लागली आणि मला नापास करायला दुसरी काही तरी सबब शोधावी लागली, ती काही सापडेना.

तुझंही बघत होतो. तू तिला "छान, आता हाच माणूस दोन्ही हातांत सामान घेऊन उभा आहे असं समजा" असं सांगायचास आणि गप्प बसायचास. ती म्हणायची आणि वाक्य वेगळं यायचं. एकदाही तू स्वतः म्हणून दाखवलं नाहीस. हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. मला ते बघवत नव्हतं, एवढं खरं.

मग खालच्या दुकानदाराने तुझ्या गाडीवरून बोंब ठोकली आणि तू धावलास. मी बटण दाबलं, ते बाईंच्या कानात बोलायचं. बटणवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपले डोळे पंख्याला लावले. मी म्हटलं, "बाई, ते अडकल्यावरचं वाक्य येईल ना, ते ठासून म्हणायचं. असं." आणि म्हणून दाखवलं.

ती चिडली नाही. म्हणाली, "काका, तसं मी म्हणेन, पण ती तुमची नक्कल होईल. ठासायचं कसं ते नको. आत कोण आहे, ते सांगा."

"माणूस आहे. दुसरं कोण असणार?"

"केवढा?"

"माझ्याएवढा."

"एकटाच आहे?"

"घरात माणसं आहेत. पण त्याने सांगितलेलं नाही कुणाला," असं माझ्या तोंडून गेलं.

लिफ्टमध्ये घर कुठून आलं, असं तिने विचारायला हवं होतं. विचारलं नाही. समोरचा कागद बाजूला सारला आणि वाक्य म्हटलं. एकदाच. तू वर आल्यावर जे ऐकून "हेच ठेवू, याला हात लावायचा नाही" म्हणालास, ते हेच. तुला वाटलं तिने तुझ्या सूचनेवरून म्हटलं. आम्ही दोघांनी तुला तसंच वाटू दिलं.

मला फार राग आला. तुझा, तिचा, त्या काचेचा. कारण मला बरं वाटलं. या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते एका परक्या बाईने उतरवलं, जिला माझं नावसुद्धा ठाऊक नाही.

आता सातव्याचं सांगतो. तो नकलाकार नव्हता. मी होतो. बटणवाल्याला मित्रत्वाची शपथ घालून नमुन्यांत घुसलो. बेत एवढाच की तू मला निवडशील, मग मी नाव सांगेन आणि सगळ्या ऑफिससमोर तुझं नाक कापेन. पण ज्या सकाळी मी तो नमुना दिला, त्या सकाळी मी दवाखान्यातून येत होतो. घसा बसलाय, बसलाय म्हणून डॉक्टरने आत नळी घालून बघितलं होतं आणि एक तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचं उत्तर त्या दिवशी हातात पडलं. घरी येववेना, म्हणून तसाच स्टुडिओत गेलो आणि उभ्या उभ्या "घाबरू नका" म्हणालो.

गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. आवाज बोलण्यापुरता राहील, असं डॉक्टर म्हणतो. किती बोलण्यापुरता, ते मी विचारलं नाही. तुझ्या आईला एवढंच ठाऊक आहे की घसा धरलाय. ती रोज गरम पाणी आणून देते आणि समोर उभी राहते, मी संपवेपर्यंत.

तुझं पत्र वाचल्यावर मी तुला दोन दिवस पाण्यात पाहिलं. बापाचा आवाज मुलाला ओळखता येऊ नये, आणि वर त्याने तो काढून टाकल्याची फुशारकी मारावी. पण खरा राग त्याचा नव्हता. आई रोज माझ्याशी बोलते, फिटर बोलतो, शेजारी बोलतात, आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. तुला आलं. नाव झाकलेलं असताना आलं. तू आपल्या कामात चांगला आहेस, हे मला अशा वेळी कळावं याचाही राग येतो.

अट मागे घेतो. सगळी वाक्यं तिची राहू देत. जुन्या इमारतींत जाऊन माझा आवाज काढताना फिटरला पाठव, तू स्वतः जाऊ नकोस, एवढं ऐक.

आईला तू सांग. मला जमणार नाही. मी "किरकोळ आहे" म्हणून सुरुवात करेन आणि पहिल्याच वाक्यात ती ओळखेल. आणि गुरुवारी सकाळी गाडी काढ. वाटेत उपदेश नको.

त्याआधी एकदा खाली येऊन जा. आशीर्वाद घ्यायला नको, भांडायलाच ये. कागदावर भांडून पोट भरत नाही. आवाज आहे तोवर मला तुझ्याशी तोंडाने भांडून घ्यायचं आहे.

घाबरलेला,
तुझा बाबा