मागच्या पायरीवरचा पाव

प्रिय डिम्फना,

शनिवारी आई सोड्याचा पाव भाजायची आणि आपण दोघी मागच्या पायरीवर लोणी वितळायची वाट बघत बसायचो. तू एका हातानं पाव खायचीस, दुसऱ्यानं कोपर खाजवायचीस. आई ओरडायची, "अगं, सोलून काढशील स्वतःला!" तू म्हणायचीस, "मग आत काय आहे ते तरी कळेल."

शाळेत सिस्टर बेनिग्नसनी खरूज म्हणून तुला वर्गात शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. त्याच संध्याकाळी मी माझा पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला.

गेल्या वर्षी, त्रेसष्टाव्या वर्षी, माझ्याही कोपरांवर आणि गुडघ्यांवर तुझ्यासारखेच बारीक फोड उठले. दोन्ही बाजूंना सारखेच, आणि खाज अशी की भिंतीला अंग घासावं. डॉक्टर हेनेगननी त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासला. म्हणाले, "हे गव्हामुळे, बाई. गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, त्याचं भांडण कातडीवर दिसतं. संसर्ग मुळीच नाही." मग विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हणाले, "नाही." तोंडातून गेलंच, जुन्या सवयीनं.

गोळ्यांनी खाज आठवड्यात थांबली. गहू, जव आणि राय ही धान्यं सोडल्यावर कातडी हळूहळू, महिन्यांनी निवळली. पण चर्चमध्ये रोजच्या मिस्सात मिळणारी पवित्र भाकर मी घेतच होते, तीही गव्हाच्या पिठाची असते हे लक्षातच आलं नव्हतं! सांगितल्यावर फादर टिअर्नन हसले, "ग्लूटेन जवळजवळ नसलेली वेगळी ठेवलीय, ॲट्रॅक्टा. देव तोच, पीठ वेगळं." मग गेल्या मंगळवारी मी परत दवाखान्यात गेले आणि खरं सांगितलं, "माझी बहीण. लहानपणापासून तिला हेच. आम्ही त्याला खरूज म्हटलं."

तुझ्या नाताळच्या पत्रात अजूनही खाजेचा उल्लेख आहे, थट्टेत. पन्नासहून जास्त वर्षं, डिम्फना. म्हणून हे पत्र. माफ कर मला.

आता नीट ऐक. सोबतचं पाकीट लीड्सच्या तुझ्या डॉक्टरला दे, त्यात माझे रिपोर्ट आहेत. तपासणी होईपर्यंत पाव सोडू नकोस, नाहीतर काही सापडणार नाही. दुसरी प्रत तुझ्या लेकीला, ऑर्लाला दे, रक्त तिनंही तपासायचं. आईचा भाजायचा तवा मी शेजारच्या ब्रीजला दिला, तिची पोरं पाव खाऊ शकतात. आईची जपमाळ तुझी. आणि तुझा पलंग मी माझ्या पलंगाला लावून ठेवलाय, तो कुणालाच द्यायचा नाही.

तुझीच,
ॲट्रॅक्टा